रातपाळीचा डबा

मंगळवार संध्याकाळ, बीरगांव

उद्या आमच्या टीमचं प्रेझेंटेशन. कंपनीचे मालक स्वतः ऐकायले येणार, आणि बोलायचं मलेच आहे. काय करू?

एमबीएत प्रत्येक टीमले एक बुडत चाललेली कंपनी देतात. आमच्या चिठ्ठीत बाबा कामाले जातात तीच पाइप कंपनी निघाली. मी टीममध्ये कोणाले सांगितलंच नाही. काहून? वाटलं, मीच काहीतरी मार्ग काढीन. मूर्ख पोट्टी!

आज शंकर नगरले टीममधल्या सौरभच्या घरी बसलो होतो. तो म्हणाला, "नाइट शिफ्ट बंद कर दो, सिंपल है." मी भांडली. सगळा हिशेब नव्यानं मांडला. उत्तर तेच आलं. गोदाम भरून पडलं आहे, मग रात्री मशीन कशासाठी चालवायची? शेवटी रातपाळी बंद करायची स्लाइड मीच बनवली.

घरी आली तर आई बाबांचा डबा भरून राहिली होती. रातपाळीचा डबा. माझी तिकडं नजरच जाईना.

बाबा म्हणाले, "पाळीवरच्या सगळ्यायले सांगितलं म्या, माही पोट्टी आपल्या कंपनीचा अभ्यास करून राहिली. वाचते का वं कंपनी?"

"हव बाबा, वाचते."

खोटं कुठं बोलली मी? कंपनी वाचतेच. रातपाळी तेवढी वाचत नाही...

बाबांनी डब्याची कडी लावली आणि रोजच्यापेक्षा लवकर निघाले, सगळ्यायले सांगायले.