दाबून पाहिलेला आंबा

चंडीगड, १२ मार्च १९७४

तीर्थरूप आईस, शोभनाचा इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. थंडी ओसरली, ह्यांचा खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या सावंतवाडीच्या आळीत जशी घरोघर लाकडी खेळणी, तशी इथे घरोघर सरकारी नोकरी. दोन राज्यांची राजधानी ना! कुणी कारकून, कुणी स्टेनो. बायका नावाआधी नवऱ्याची ग्रेड विचारतात. मी लाकडी फळं रंगवते म्हटलं, तर शेजारच्या मिसेस कौर म्हणाल्या, "टाइपिंग सीख लो जी, नौकरी पक्की." रंगवून विकेन म्हटलं, तर सरकारी क्वार्टरात धंदा चालत नाही. ब्रश धुऊन ट्रंकेत ठेवलेत.

रविवारी ह्यांचे साहेब बायकोला घेऊन चहाला आले. मी रंगवलेला आंबा टेबलावर होता. बाईंनी विचारलं, कुठून आणलात? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मुंबईच्या दुकानातून." त्यांचाही इलाज नव्हता. आपले सासरे खेळणी करतात, हे साहेबांपुढे कसं सांगणार? मी चहा गाळत राहिले.

बदली आणखी तीन वर्षं तरी नाही. काळजी करू नकोस, घर छान आहे, नळाला दिवसभर पाणी असतं.

बाबांना मुंबईच्या दुकानाचं सांगू नकोस. एवढंच सांग, की साहेबांच्या बाईंनी आंबा पिकलाय का म्हणून आधी अंगठ्याने दाबून पाहिला.

तुझीच,
शोभना