कोपऱ्यातलं बटण

बटण सुद्धा तिचंच म्हणे, याडी, माये! तुझ्या थोरल्या लेकीच्या घरी उमरखेडले वास्तू होती. तिथं तिचा लेक पाहुण्यांले भिंतीवरचा काचेत बसवलेला भरतकामाचा गणो दाखवून राह्यलता, आणि बोट ठेवलं त्यानं नेमकं त्या बटणावर. म्हणे, "आरसे संपले तर आईनं शर्टाचं बटण लावलं. काय डोकं चालवलं पाहा!" सगळे वा वा करून राह्यलते. मी हातात बुंदीची प्लेट घेऊन उभी. आणि ती, माझी सख्खी बहीण, उजवा हात पदराखाली घेऊन जमिनीकडं पाहून राह्यलती. मी प्लेट खिडकीत ठेवली आणि एसटी धरून घरी आली. त्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता.

तू विसरली असशील तर मी आठवण देते. मेलेल्या माणसाले विसरायची सूट असते म्हणतात, मी देणार नाही. आपला महागावकडचा तांडा, आपलं घर, चुलीवर दाळ शिजून राह्यली आहे आणि मी उंबऱ्यावर बसून गणो भरते आहे. डोक्यावर घागर घेतली की चुंबळीखालून पाठीवर लोंबतो तो चौकोनी कपडा. लाल, निळा, पिवळा दोरा, कडेले कवड्या, मधात आरसे. चौथ्या कोपऱ्यात आरसा कमी पडला. बापूच्या फाटक्या शर्टाचं पांढरं बटण तिथं लावलं मी, आणि भोवती पिवळ्या दोऱ्याचे किरण काढले. तू फुंकणी टाकून आली. पाहिलं. फाडकन माझ्या पाठीत मारली आणि म्हणाली, "गण्याले बटण लावते? उद्या चुलीले चाक लावशील!" थोरली हसली. मी बी हसली असती, पण पाठ झोंबत होती.

आणि मग थोरलीले पाहायले पाहुणे आले. आपल्यात रीतच आहे, पोरीच्या हातचं काम भिंतीवर मांडून ठेवायचं, पाहुणे आधी भिंत पाहतात मग पोरगी. त्यांच्या कानावर गेलतं की थोरल्या पोरीच्या उजव्या हाताची बोटं आखडलेली आहेत. सासू होणारी बाई रोखठोक होती, तिनं विचारलंच. थोरली हात पदराखाली घेऊन बसली होती. तू भिंतीकडं हात केला आणि म्हणाली, "बोटं आखडली असती तर हे कोणी भरलं असतं, बाई? आणि हे बटण पाहा. आरसा संपला तर पोरगी अडून बसली नाही. माहीच पोरगी, पण डोकं चालते तिचं." मी पाण्याचे तांबे घेऊन दारात उभी होती. तुझी नजर माझ्या नजरेले भिडली. तू डोळ्यानंच मले मागं ढकललं.

ज्या बटणासाठी पाठीत मार खाल्ला, त्याच बटणावर तिचं लग्न जमलं. गणो तिच्या पेटीत गेला. माझ्या हातचं जे जे होतं ते सगळं तिच्या पेटीत गेलं, कारण त्या घरात विचारणार होते. लग्नानंतर बोटं आखडली असं तिनं तिकडं सांगितलं. तेही तूच शिकवलं असशील.

मग माझी पाळी आली, तेव्हा भिंत रिकामी. पाहुण्यांनी विचारलं, "हिचं काम कुठं आहे?" तू काय म्हणाली ते मले झोपेत बी ऐकू येते. "हिले सुई धरता येत नाही. पण अंगानं दणकट आहे, कोयता चांगला चालवते." दोन्ही घरचं काम शेजारी ठेवलं असतं तर हात एकच आहे हे आंधळ्याले बी समजलं असतं, म्हणून तू मले बिनहाताची करून टाकलं. दणकट म्हटली तर त्यांनी दणकटच वापरली. दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीले. खोपटात सासू दुसऱ्या सुनांले गोधडीचा दोरा द्यायची. मी हात पुढं केला तर म्हणायची, "राहू दे, तुह्या मायनंच सांगितलं, तुले येत नाही." ऊस तोडत गेली मी, याडी. तळहाताची कातडी अशी झाली की दोरा धरला तरी समजत नव्हता.

आता मी लोहाऱ्यात राहते. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये कामाले लागली, तिथं मशीनवर भरतकामाचे बिल्ले निघतात. टोपीले, जॅकेटले, बॅगेले चिकटवायचे, मागून वेलक्रो. वाघ, खोपडी, डोंगर, बुलेट, काय काय लिहिलेलं. पहिल्या दिवशी शेठनं विचारलं, "मावशी, शिवता येते का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही." ऐकून राह्यली का? तू मरून किती दिवाळ्या गेल्या आणि तुझं वाक्य माझ्या तोंडातून फडकन बाहेर आलं. मग काय, धागे कातरायले बसवलं मले. एक दिवस कडा मारणारी बाई आली नाही, मी तिच्या मशीनवर बसली. तेव्हापासून कडा माझ्याच आहेत.

कंप्युटरवर नक्षी काढणारी पोरगी एकदा म्हणे, "मावशी, याले मोराल पॅच म्हणतात. हिंमत वाढवायले लावतात."

मी म्हटलं, "हिंमत अशी कपड्याले चिकटली असती तर मी आंगभर लावून माहेरी गेली असती."

ती हसली. तिले काय माहीत.

लॉटमध्ये खोट निघालेला एखादा बिल्ला शेठ नेऊ देते. मी जमवत गेली. वेलक्रोच्या मऊ पट्ट्यांचे तुकडे जोडून मोठा कपडा शिवला आणि घरात समोरच्या भिंतीवर ठोकला. दार उघडलं की पहिली नजर तिथंच. त्या जागी तुझा फोटो होता, हारासकट. काढला. शेजारीण आली, कमरेवर हात ठेवून म्हणे, "काय बाई तू! मायचा फोटो काढून खोपड्या लावल्या?" मी म्हटलं, "खोपडी बरी. खोटं बोलत नाही." तिनं चहा बी घेतला नाही.

आणि उमरखेडहून आली त्या आठवड्यात मी एक काम केलं. बाजारातून पांढरी शर्टाची बटणं आणली आणि भिंतीवरच्या एकेका बिल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात एकेक बटण टाकलं, भोवती पिवळे किरण, हातानं. वाघाच्या पंजाखाली बटण. खोपडीच्या हनुवटीजवळ बटण. 'चहाआधी बोलू नका' लिहिलं आहे त्याच्या शेवटी बटण. घराले हसतात लोक. हसू दे. पण आता जगातला कोणी माईचा लाल ही भिंत दुसरीची आहे असं म्हणू शकत नाही.

दसऱ्याले थोरली सोनं द्यायले आली. मीच मुद्दाम फोन करून बोलावली होती, लपवत नाही. भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसवली. ती पाहत राहिली.

"हे बटणं काहून लावले?"

"कोणी आपलं म्हणू नये म्हणून."

तिनं पाणी मागितलं. दिलं. पेला डाव्या हातानं धरला तिनं. मग म्हणे, "मले सांगायचं आहे गं पोराले. लई दिवसांचं आहे मनात. पण याडीनं शपथ घातली आहे."

"मेली तिची शपथ. याडीच राहिली नाही तर शपथ कुठची?"

"मरताना घातली तिनं. माह्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून. सांगितलं तर त्याच्या जिवाले काही होईल म्हणाली. आता तूच सांग, मी कशी बोलू?"

याडी, तू पक्की होतीस. ज्याले सांगायचं त्याच्याच डोक्यावर शपथ ठेवून गेली. कुलूप लावलं आणि चावी सरणावर नेली. मी स्वतः सांगितलं तर तो म्हणेल मावशी जळते. आईनं सांगितलं तरच ते खरं. आणि आई तोंड उघडत नाही, लेकराच्या भीतीनं. मी बी लेकरांची माय आहे, त्याउपर मले तिले बोलता येईना. सगळा राग परत तुझ्याकडंच आला.

मग जाताना ती दारात थांबली आणि म्हणे, "तुले माहीत आहे का, लहानपणी मी गुऱ्हाळाच्या भट्टीत हात कसा घातला, ही बोटं कशी आखडली? याडी मले तिथं सोडून भांडायले गेलती." म्हणजे चूक तुझी, आणि भरपाई माझ्या हातानं केली. हे समजल्यावर मी नरम पडेन असं तिले वाटलं असेल. नाही पडली. तू एकदा, चुलीजवळ, माझ्या कानात म्हणाली असती की पोरी, तिचं जमू दे, तुझा हात मले उसना दे, तर मी दोन्ही हात काढून दिले असते. तू विचारलं नाही. तू पाठीत मारलं आणि नंतर चोरलं.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, ते समजते मले. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर कोंबडीच्या पायाचं. त्या बिल्ल्यांच्या कपड्यामागं खोचून ठेवीन. तुझा फोटो पिठाच्या डब्यावर पालथा आहे. पीठ उडते तर कधी कधी पुसते, आणि पुन्हा पालथा ठेवते.

आता कान देऊन ऐक. दिवाळीची काळी अमावस्या जवळ आली. त्या दिवशी सकाळी आपण निखाऱ्यावर तूप-लापशी टाकतो आणि घरातल्या मेलेल्यांची नावं घेतो. दरवर्षी पहिलं नाव तुझं घेत आली, आग भपकन उठते आणि लेकरं म्हणतात, आजी आली. यंदा तसं होणार नाही. तुले माहीत आहे थोरलीचं घर, तिच्या सपनात जा. पोराच्या डोक्यावरचा हात काढ. शपथ तू घातली, तूच परत घे. तिनं त्याले, त्या काचेसमोर उभं करून, बटण कोणी लावलं ते सांगितलं पाहिजे, आणि त्यानं मले फोन केला पाहिजे. तुझ्या नावाचं तूप मी वेगळं काढून ठेवलं आहे, एवढं मात्र खरं. पण वाटीत आहे ते, आगीत नाही.

अमावस्येच्या सकाळी निखारे पडेपर्यंत वाट पाहीन. फोन आला तर पहिला घास तुझा. नाही आला तर बापूचं नाव घेईन, सासूचं सुद्धा घेईन, तुझं घेणार नाही, आणि तू उपाशी राहशील. त्या सकाळच्या आत बोल, याडी.