डावीकडे सात, उजवीकडे पाच

१४ ऑक्टोबर, शनिवार सकाळ

प्रिय ठमे,

एवढं लांबलचक पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा तेवढा जिना दिसला की कुरकुरतो. तुझ्या नवऱ्याचा रक्तदाब कसा आहे? त्याला म्हणावं, मीठ कमी खा आणि बातम्या त्याहून कमी बघ.

गेल्या आठवड्यात माझा निरोप समारंभ झाला. संचालक चाळीस मिनिटं बोलले. पंचवीस नव्या जातींचा शोध, सागरी किड्यांवरचा ग्रंथ, जगभरातल्या प्रयोगशाळांत किडे ओळखायला माझाच तक्ता वापरतात, वगैरे वगैरे. ऐकता ऐकता मलाच वाटलं, या बाईंना एकदा भेटायला हवं. मग माझा पहिला किडा पडद्यावर भिंतभर मोठा करून दाखवला. चित्र तुझं होतं. तुझं नाव कुणी घेतलं नाही, आणि मीही उठून सांगितलं नाही.

आता कामाचं. त्या किड्याचं तू काढलेलं मूळ चित्र, जे त्या दिवशी तू घरी घेऊन गेलीस, ते अजून आहे का? असेल तर मला हवंय.

का हवंय हे सांगायचं तर माझी गाडी अडते, म्हणून आधी दुसरंच सांगते. आमच्याकडे एक तरुण संशोधक आहे. हुशार, चिवट, आणि माझ्यासारखीच चहा करायला विसरणारी. आम्हाला जिथे तो किडा मिळाला होता, त्याच वाळूत तिला चौदा किडे मिळाले. यांचे कल्ले डावीकडे सात आणि उजवीकडे पाच. माझ्या ग्रंथात लिहिलंय दोन्हीकडे सात. म्हणजे ही नवीच जात, असं तिने धरलं. निबंध तयार आहे. नव्या किड्याला माझं नाव द्यायचंय, म्हणून परवानगी मागायला आली होती.

तुझ्या लक्षात आलंच असेल. तू पहिल्यापासून माझ्यापेक्षा चलाख.

आमच्यात एक रीत आहे. प्राणी दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर चित्र अर्धंच काढायचं आणि ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरी बाजू छापायची. वेळ वाचतो. तू मात्र दोन्ही बाजू काढून बसलीस. खिडकीजवळचं टेबल, तुझ्या बोटांना शिशाचा काळा रंग. "ताई, हा दोन्हीकडून सारखा नाहीये," म्हणालीस.

"तू चित्र काढ, प्राणी मी बघते," मी म्हणाले.

आणि बघितलं नाही. घाई होती. तुझी डावी बाजू उजवीकडे छापली आणि निबंध पाठवून दिला. तू पेन्सिली पुसल्यास, आपला कागद गुंडाळलास आणि गेलीस. त्यानंतर तुझा हात दुखायला लागला. ती आता चित्रं का काढत नाही, असं कुणी विचारलं तर मीही सांगायची, बिचारीचा हात दुखतो. एकतीस वर्षं आपण दोघी त्या हातावर बिल फाडत आलो. लग्नकार्यात भेटलो, गुडघ्यांवर बोललो, हवेवर बोललो.

काल मी कपाटातून ती बरणी काढली. द्रव पिवळा पडलाय, किडा आहे तसा आहे. सात आणि पाच. दोनशे अकरा निबंधांनी माझा हवाला दिलाय. किती जणांनी हाच किडा हातात घेऊन, तक्त्यात बसत नाही म्हणून बाजूला टाकला असेल, देव जाणे.

ठमे, वर लिहिलंय की मी बघितलं नाही. ते खोटं आहे. ती ओळ खोडणार होते, पण खोडून नीटनेटकं करायची माझी हौस एकदा फिटली आहे. राहू दे तशीच.

तू हात धुवायला गेली होतीस तेव्हा मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. दोनदा मोजलं. आमच्याकडे किडा एकच होता. मी मनाशी म्हटलं, हा अधू असेल. दुसरा मिळायला पुढचा हंगाम उजाडला असता, आणि नोकरीची मुलाखत वीस दिवसांवर होती. तू परत आलीस आणि पुन्हा तेच म्हणालीस. ‘प्राणी मी बघते’ हे वाक्य मी मोजून झाल्यावर तुला ऐकवलं. तुझी चूक असती तर मी समजावलं असतं. तू बरोबर होतीस, म्हणून गप्प केलं.

काल संध्याकाळी त्या मुलीला सगळं सांगितलं. तिने आपल्या निबंधाचे कागद गोळा केले. मग म्हणाली, "म्हणजे माझा नवा प्राणी नवा नाहीच." चार वर्षांचं काम आहे तिचं. मला तोंड वर करवेना. शेवटी ठरलं ते असं: दुरुस्तीचा निबंध लिहायचा, तिचं नाव आधी, माझं नंतर, आणि चूक माझी हे पहिल्याच परिच्छेदात. तू हो म्हणालीस तर सोबत तुझं चित्र, खाली तुझं नाव.

पुराव्याला बरणी पुरते. त्यामुळे चित्र फाडलं असशील, किंवा द्यायचं नसेल, तर माझी तक्रार नाही. दुरुस्ती तरीही होणार. मला फक्त ते एकदा बघायचंय, या वेळी तू सांगशील तसं.

हात खरंच दुखतो का गं?

न खोडलेल्या ओळीसकट,
तुझी ताई