उणे दहा डेसिबल

सोमवार, ५ जानेवारी २००४

पोचले एकदाची! नागपूर ते पुणे सतरा तास बस, कंबरेचे टाके ढिले झाले, पण आज वेळेवर रुजू झाले. कर्वे रस्त्यामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर डॉ. मंदाकिनी आपट्यांचं कान-नाक-घशाचं क्लिनिक. मी त्यांची नवी ऑडिओलॉजिस्ट. मला स्वतंत्र खोली आहे, नवाकोरा ऑडिओमीटर आहे आणि एक आवाजबंद बूथ आहे. भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, जाड काच, आणि दार लावलं की खालच्या रिक्षांचे हॉर्न ठार बंद. मी आत जाऊन दार लावलं आणि एकटीच हसून घेतलं. नागपुरात इंदोऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत अशी शांतता कधी वाट्याला आली नव्हती.

राहायची सोय कोथरूडच्या एका सोसायटीत, गोदाबाईंकडे. त्यांनी पाणी विचारण्याआधी तीन नियम सांगितले. संध्याकाळी आईला फोन केला. बाबा गेल्यापासून ती घरात एकटीच असते. खोलीला खिडकी आहे का, हे तिने दोनदा विचारलं, मग बुद्धवंदना म्हणायची वेळ झाली म्हणून फोन चालू ठेवूनच म्हणत बसली. मी शेवटपर्यंत ऐकलं. आईचा आवाज ऐकला की मला जेवल्यासारखं वाटतं.

गुरुवार, ८ जानेवारी

काम कळलं. कानात सतत आवाज येणाऱ्या लोकांवर मॅडमचं संशोधन चालू आहे. पेशंट बहुतेक कॉल सेंटरवाले आणि सॉफ्टवेअरवाले, दिवसभर कानाला हेडफोन. अर्ध्यांना रोज उपचाराचा खास ध्वनी ऐकवायचा, अर्ध्यांना नुसती खरखर. कुणाला काय मिळालं ते मॅडमच्या कपाटात, बंद पाकिटांत. मला माहीत नाही आणि पेशंटलाही नाही.

माझं काम आधीचं: पेशंटच्या कानातला आवाज नेमका पकडायचा. दुसरीकडे तपासणारा नुसतं विचारतो, हा का तो. मॅडमची पद्धत वेगळी. तपासणाऱ्याने दुसरा हेडफोन स्वतः लावायचा, पेशंट वर्णन करेल तसा डायल फिरवायचा, आणि त्याच्या कानातलं आपल्या कानाला पटेपर्यंत सोडायचं नाही. जुळलं की पेशंट बोट वर करतो.

पहिला पेशंट सुदर्शन, हिंजवडीचा प्रोग्रॅमर. त्याच्या कानात ट्यूबलाइटच्या चोकची घूं. चाळीस मिनिटं लागली. जुळल्यावर त्याने बोट वर केलं आणि चक्क रडला. दोन वर्षं त्याचं कुणी खरं मानलं नव्हतं म्हणे. मला माझ्या कानांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

शनिवार, १७ जानेवारी

सुदर्शन पेढे घेऊन आला. आवाज गेला, तोही पहिल्याच दिवशी, उपचाराची सीडी एकदाही न लावता. नंतरच्या पाचही जणांचं तेच. मॅडम कौतुक करत नाहीत, पण आज त्यांनी स्वतःच्या डब्यातली थालीपीठं मला दिली. इथे याला बढती म्हणत असावेत.

माझ्या खोलीतल्या ट्यूबचा चोक घूं करतोय. इलेक्ट्रिशियनने बदलला. नवाही तसाच.

बुधवार, २८ जानेवारी

चैन नाही. खोलीत रातकिडा आहे, तोही भर दुपारी. वर सोसायटीचा पंप सारखा चालू. गोदाबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की पंप सोमवारपासून दुरुस्तीला गेलाय, आपल्याला ऐकू येत असेल तर पाणीही आपणच चढवावं. एरवी मी हसले असते.

दुपारी फायली लावत होते. पेशंट क्रमांक एक: चोक. क्रमांक चार: रातकिडा. क्रमांक नऊ, त्या बँकेतल्या चंद्रभागाबाई: पाण्याचा पंप. त्यांनी परवाच फोन करून माझे आभार मानले होते, आता झोप लागते म्हणाल्या.

मी बूथमध्ये जाऊन दार लावलं. चोक आत होता. रातकिडाही होता. पंपही. 

मंगळवार, १० फेब्रुवारी

मॅडमनी आज आतापर्यंतच्या पेशंटांची पाकिटं उघडली. खास ध्वनीवाले बरे झालेत, तेवढेच नुसत्या खरखरीवालेही. म्हणजे उपचाराचा काडीचा उपयोग नाही. चार वर्षांचं काम. त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

मी सांगून टाकलं. सगळ्यांत समान गोष्ट एकच आहे, माझे कान. त्यांत आता अकराही पेशंटांचे आवाज आहेत, फायलींतला एकही चुकत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, आपलं काम ऐकणं. कल्पना करणं नव्हे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग निदान दुसरा हेडफोन तरी लावायला नको. तर म्हणाल्या, पद्धत मध्येच बदलली तर आधीचं सगळं फुकट. एकच पेशंट उरलाय, तेवढा करा. बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. आणि मी मान डोलावली. का डोलावली? अकरा सोसले, बारावा काय करणार, असं वाटलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

हिंमतराव, वय अठ्ठावन्न, पौडजवळचे. एका आयटी कंपनीच्या जनरेटर रूममध्ये काम, ऐकायला बरंच कमी. मला वाटलं, इंजिनाची घरघर असेल. सगळे सूर वाजवले. ते मान हलवत राहिले, आणि दर वेळी सांगत, अजून बारीक करा. वीस डेसिबल. दहा. शून्य. उणे दहा. यंत्र त्याच्या खाली जात नाही. शेवटी मी सूरच बंद केला. दोघांच्या कानांवर हेडफोन आणि त्यांत काहीच नाही. तेव्हा त्यांनी बोट वर केलं.

"आवाज न्हाय, ताई. कुनीतरी बसलंय हितं. ऐकतंय."

मी हसायला तोंड उघडलं. आणि माझ्या कानात कुणी तरी सावरून बसल्याचं मला कळलं.

हिंमतराव हेडफोन काढून खिडकीकडे गेले. चिमण्या हायेत की अजून, म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चोक नाही! रातकिडा नाही, पंप नाही, अकराच्या अकरा गेले. सकाळी उठले आणि अंथरुणातच बसून राहिले, आनंदाने. गोदाबाईंना स्वतःहून चहा करून दिला. त्या काही तरी खोचक बोलल्या असाव्यात. मला नीट ऐकू आलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत. डाळ जळाली.

आईला फोन केला. तिचा आवाज फार लांबून आला, उशीखालून यावा तसा. मी म्हटलं जोरात बोल. ती ओरडत होती, तरी मधले एकेक शब्द येतच नव्हते. ते जातायत कुठे हे मला ठाऊक आहे. कानात बसलाय तो घेतो. आधी तो ऐकतो, आणि उरलं तर मला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मॅडमनी माझी तपासणी केली. उजवा कान सत्तर डेसिबलपर्यंत गेलाय, डावा साठ, म्हणजे समोरचं साधं बोलणंही ऐकू येऊ नये. पडदे स्वच्छ, नस ठीक. प्रथमच त्या घाबरलेल्या दिसल्या. पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. माझ्या जागी तात्पुरती सृष्टी आली आहे, कसब्यातली, माझ्याच वयाची. तिला सहा महिन्यांची मुलगी आहे. दर तासाला घरी फोन लावते आणि पलीकडचे हुंकार ऐकत उभी राहते, डोळे मिटून.

सुटका कशी होईल ते मला कळतंय. हिंमतराव झालेच की मोकळे. मी बूथमध्ये बसायचं, डायलवर दुसरं कुणी—

नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. खालून मिरवणूक गेली. पंचवीस ढोल तरी असतील. खिडकीची तावदानं थरथरली, छातीत ठोके बसले. आवाज शून्य. पोरं तोंडं उघडून घोषणा देत होती आणि—

तो खूश आहे. त्याने इतकं एकदम कधी—

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आईचा फोन. पडद्यावर तिचं नाव. उचलला. काहीच नाही. मीच बोलत राहिले, आई मी बरी आहे, जेवले, खिडकी उघडी आहे. ती रडत असेल का? हसत असेल? संध्याकाळची वेळ होती. वंदना म्हणत असेल. पूर्ण म्हटली असेल. सगळी त्याने ऐकली. माझी आई, आणि तो—

मला ती परत हवी आहे. बाकी काही नको.

शनिवार, २१ फेब्रुवारी, सकाळी ११

बूथमध्ये बसून लिहितेय. मॅडमनीच सृष्टीला लिहून दिलं, हिची आपल्या पद्धतीने तपासणी करा. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

काचेपलीकडे सृष्टी. दुसरा हेडफोन तिच्या कानांवर. तिला द्यायला चिठ्ठी लिहून ठेवली होती, लावू नकोस म्हणून. ती अजून माझ्या मुठीतच आहे.

तिने डायल खाली आणला. शून्य. उणे दहा. सूर बंद केला. माझ्याकडे बघतेय, भुवया उंचावून.

आत तो उठून उभा राहिलाय. जायला तयार. मी बोट मांडीखाली दाबून धरलंय. तिचा फोन टेबलावर उजळला, घरचा असणार, ती हातानेच नंतर म्हणाली—

आई. अगदी बारीक, पण तीच. नागपुरातल्या खोलीतून. माझं नाव घेतेय. एकदा पूर्ण ऐकू दे, मग बोट खाली— माझं बोट वर गेलंय, मी वर केलं नव्हतं. मी नाही केलं— सृष्टी कानांवरून हेडफोन काढ, का—