चौदा दिवसांची खोकी

दि. ३ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई वॉकर सोडून खिडकीपर्यंत चार पावलं चालली हे वाचून जिवाला बरं वाटलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू आईच्या देखत बोलत नाहीस, तेव्हा पत्रच ठीक.

इथलं काम मार्गी लागलंय. बाथरूमची नवी फरशी बसली. पाणी ओतून, साबण सांडून, एका पायावर उभं राहून, सगळ्या तऱ्हांनी पाहिलं. पाय घसरत नाही. आता राहिलं ते डॉक्टरांनी सांगितलेलं सामान. भिंतीला धरायचे दोन दांडे आणि बसून अंघोळ करायची घडीची बैठक. ते बसल्याशिवाय आईला घरी न्यायचं नाही असं त्यांनी बजावलंय, ते माझ्या पक्कं लक्षात आहे.

ते सामान मी काल आणलं. कसं आणलं ते वाच. चौकातल्या मोठ्या दुकानात पाटी आहे की हीच वस्तू दुसरीकडे स्वस्त दाखवा, आम्ही त्याच भावात देऊ. लोक पाटी वाचतात आणि मुकाट पैसे मोजतात. तुझ्या बापाने चाळीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं आणि तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय साधा खिळा घेतला नाही. मी दोन दिवस दुकानं पालथी घातली. अट अशी की कंपनी तीच हवी, खोक्यावरचा नंबर तोच हवा, आणि माल त्या दुसऱ्या दुकानात खरोखर शिल्लक हवा. सेलमधला भाव चालत नाही. पुलापलीकडच्या दुकानात अगदी तोच नंबर शंभरामागे बारा कमी निघाला. मी त्यांच्याकडून भाव छापून घेतला, तसाच मागे आलो आणि काउंटरवरच्या मुलीपुढे कागद ठेवला. तिने तिकडे फोन करून खात्री केली, आत जाऊन विचारून आली आणि निमूटपणे बारा टक्के उतरवले. मग पुलापलीकडूनच का नाही घेतलं, असं तू विचारशीलच. ते लोक घरपोच देत नाहीत आणि विकलेला माल परत घेत नाहीत.

आणखी एक गंमत आहे. बिलाच्या तारखेपासून चौदा दिवसांत भाव आणखी उतरला, तर फरक परत मिळतो. फक्त खोकं फोडलेलं नसावं. म्हणून तिन्ही खोकी बाहेरच्या खोलीत एकावर एक ठेवली आहेत. प्लंबरला पुढच्या आठवड्यात यायला सांगतो.

आईला म्हणावं, घाई नको. जावईबापूंना आशीर्वाद. बापावरचा लोभ शिल्लक ठेव.

तुझा,
बाबा


दि. ७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बारा टक्क्यांबद्दल शाबासकी. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या पलीकडे उभी असते, म्हणून मला त्या मुलीची दया आली. आमच्याकडेही असे लोक फ्रेमचा भाव छापून आणतात. मालक त्यांच्याशी गोड बोलतात आणि ते गेले की दिवसभर आमच्यावर खेकसतात. फरक एवढाच की आमचं गिऱ्हाईक फ्रेम तिथेच नाकावर चढवून जातं. खोक्यात ठेवून तिच्याकडे बघत बसत नाही.

आईचं सांगते. तिची पिशवी पाच दिवसांपासून भरलेली आहे आणि दाराशी ठेवलेली आहे. सकाळी त्यातून कपडे काढते, धुऊन वाळले की घडी करून पुन्हा त्यातच ठेवते. तिच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, तर म्हणाली, दोन दिवसांसाठी कशाला. जानेवारीत पडल्यापासून आधी दवाखाना, मग माझं घर, पण तिच्या हिशेबात ती दोन दिवसांसाठीच आलीय. बसवत नाही तिला. वॉकर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारते आणि दमली की माझे डबे उंचीप्रमाणे लावते. मला काल मीठ सापडेना.

तर बाबा, खोकी फोडा आणि प्लंबरला बोलवा. तुमचे जावई म्हणतात की राहिलेला फरक ते खिशातून देतील, पण आधी आमच्या स्वयंपाकघराची सुटका करा.

तब्येत सांभाळा. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
बिट्टी


दि. ११ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहितो, बाहेर पडायचंय. प्लंबर काल आला होता. नेमका त्याच सकाळी मला दिसलं की घरपोच माल देणाऱ्या एका कंपनीने भाव चार टक्के आणखी उतरवलाय. खोकी फोडली असती तर हातचं गेलं असतं. प्लंबरला चहा पाजून परत पाठवला. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत गेला, मी ऐकलं नाही असं दाखवलं. चौकात गेलो, चार टक्के घेतले आणि नवं बिल झालं. नव्या बिलाला नवे चौदा दिवस, म्हणजे २४ तारखेपर्यंत.

रोज सकाळी उठून सगळ्या दुकानांकडे चक्कर मारतो. भाव जुळवून मागतो म्हणून काउंटरवरची मुलगी आता मला जुळवणीकाका म्हणते. पाय दुखतात, पण घरात बसवत नाही. दोन माणसांच्या घरात एकट्याने बसलं की फ्रिजचासुद्धा आवाज मोठा वाटतो.

आईला सांग, सामान आलंय. बाकी सांगू नकोस.

तुझा,
बाबा


दि. १५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र रागात लिहीत आहे, ते तसंच वाचा.

सांगू नकोस म्हणालात, पण तुमच्या प्लंबरची बहीण आमच्या दुकानात चष्मा करायला आली आणि माझ्याकडे बघत हसत म्हणाली की तुमच्या वडिलांकडे सामान येऊन पडलंय आणि ते तिच्या भावाला हात लावू देत नाहीत. मी घरी येऊन जावयांना सांगत होते, ते आईने ऐकलं. मला वाटलं, हसेल. चाळीस वर्षं ती तुमच्या कोटेशनांना हसतच आली. ती हसली नाही. रात्रीचं जेवण नीट जेवली. सकाळी मी उठले तर दाराशी पिशवी नव्हती. तिने सगळे कपडे काढून मी दिलेल्या कप्प्यात लावले होते आणि पिशवी घडी करून तळाशी ठेवली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली की त्यांचं एकट्याचं नीट चाललं असेल तर मी कशाला मध्ये पडू.

बाबा, तिला वाटतंय की ती तुम्हाला नको झालीय. काल दिवसभरात ती एकदाही खिडकीपर्यंत चालली नाही. डॉक्टर म्हणतात चाललीच पाहिजे.

चार टक्क्यांसाठी माणूस एवढं करत नाही, आणि तुम्ही चिंगूस कधीच नव्हता. माझ्या लग्नात तुम्ही एकही कोटेशन मागवलं नव्हतं. मला खरं कारण कळवा. तिला घरी आणायची तुम्हाला भीती वाटते की कंटाळा आलाय? कंटाळा असेल तर तसं लिहा, मी तिला इथेच ठेवून घेते.

तुमची,
बिट्टी


दि. १९ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. १७ तारखेला तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आणखी दोन टक्के घेऊन आलो होतो. नवं बिल, ३१ तारखेपर्यंत. फाटकातून आत येतानाच पोस्टमनने पत्र हातात दिलं, ते वाचून आत आलो, खोकी बाथरूमकडे न्यायला वाकलो आणि तिथेच बसून राहिलो.

भीती वाटते. कंटाळा नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो, आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बाथरूमच्या उंबऱ्याजवळची एक फरशी डिसेंबरपासून हलत होती. पाय पडला की डुगडुगायची. गवंड्यांना विचारलं. दोघांनी भाव दिले. एका फरशीचं काम ते, अर्ध्या तासाचं. पण मी तिसऱ्याच्या भावासाठी थांबलो. तिसरा आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. मी रोज सकाळी आईला सांगायचो की जपून जा, तिथली फरशी हलते. जणू सांगितलं म्हणजे दुरुस्त झाली. ती त्याच फरशीवरून पडली. मी आत धावलो तेव्हा ती फरशी उलटी होऊन पडलेली होती. दवाखान्यात विचारलं, तेव्हा मी साबणाचं पाणी होतं असं सांगितलं. फरशीचा तुकडा मी त्याच संध्याकाळी बाहेर टाकून आलो.

आता दांडे बसले की ती येणार. आली की त्याच दारातून आत जाणार आणि कडी लावणार. मी बाहेर. हा विचार आला की मी चपला घालतो आणि दुकानांकडे निघतो. खोकी बंद आहेत तोवर ती तुझ्याकडे सुखरूप आहे, असं काहीतरी डोक्यात बसलंय. टक्के मिळतात तेही खरं आहे. ते नसते मिळाले तर मला एवढं टाळणं जमलं नसतं.

हे तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव. मी ठरवायला गेलो तर तीन माणसांना विचारीन.

बाबा


दि. २२ मार्च

अहो,
शि. सा. न. वि. वि.
(वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घ्यावा.)

बिट्टीने तुमचं पत्र दिलं. दोनदा वाचलं.

फरशीचं मला सांगायची गरज नव्हती. त्या घरात मी राहते, माझ्या पायाला ती तुमच्याआधी कळली होती. साबण नव्हता हेही मला माहीत होतं. तुम्ही साबण म्हणालात, मीही होय म्हणाले. त्याचं कारण लिहिते.

तुमचा तिसरा गवंडी आला होता. मी पडले त्याच्या दोन दिवस आधी. तुम्ही बँकेत गेला होतात. खांद्यावर हत्यारांची पिशवी, सिमेंटची पुडी बरोबर, आत्ता बसवून देतो म्हणाला. त्याने भाव सांगितला तो तुमच्या दुसऱ्या गवंड्यापेक्षा जास्त होता. दुसऱ्याचा कागद टेबलावर होता, मी तो आणून त्याच्यापुढे धरला. म्हटलं, हा भाव जुळवून दे आणि बस कामाला. परवडत नाही म्हणाला. मी म्हटलं, मग विचार करून ये. त्याला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. मनात म्हटलं, येईल झक मारत माझ्या भावात, मग ह्यांना दाखवीन. म्हणून तुम्हाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी पडले.

इतकी वर्षं तुमच्याबरोबर राहून मला दुसरं काय येणार होतं?

दवाखान्यात पडल्यापडल्या मला एकच वाटायचं की तो गवंडी तुम्हाला कुठेतरी भेटेल आणि सांगेल. बिट्टीकडून कळलं की सामान येऊनही तुम्ही बसवून घेत नाही, तेव्हा मला वाटलं भेटला. मला वाटलं, तुम्हाला कळलं आणि म्हणून मी तुम्हाला घरात नको. त्या दिवशी पिशवी रिकामी केली. आता पुन्हा भरली आहे.

शनिवारी येते. बिट्टी सोडायला येईल. दांडे शुक्रवारी भिंतीत असले पाहिजेत. तुम्ही प्लंबरला पुन्हा परत पाठवलंत तर मी त्याला स्वतः फोन करीन आणि तो मागेल तो भाव देईन. आत जाताना कडी लावणार नाही. तुम्ही बाहेर स्टुलावर बसा, वर्तमानपत्र वाचा आणि अधूनमधून खाकरा, म्हणजे मला कळेल.

बाकी भेटीत. आहे ती माया घरी आल्यावर मोजून घेईन.

तुमची,
मीच


दि. ३१ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू गेल्यापासून आईने घरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ सापडलं, पण साखर नाही.

शुक्रवारचं सांगायचं राहिलं. प्लंबर आला आणि आधी खोकी तुम्ही फोडा म्हणाला, म्हणजे त्याला पुन्हा परत जायला नको. मी कात्री घेतली. पहिल्या खोक्याची पट्टी मी तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी कापायला घेतली, ते त्याने बघितलं आणि भिंतीकडे वळून मापं घ्यायला लागला. चांगला माणूस आहे. दांडे बसल्यावर मी दोन्ही हातांनी धरून लोंबकळलो. तो म्हणाला, काका, भिंत पडेल पण दांडा येणार नाही. खोकी चपटी करून त्याच दिवशी रद्दीवाल्याला दिली.

आज ३१. चौदावा दिवस. सवयीने पाय पुलापलीकडे गेले. आणि काय सांगू, त्याच दांड्यांवर, त्याच नंबरावर, शंभरामागे नऊ कमी. सेल नाही, काही नाही, माल शिल्लक. आपसूकच भाव छापून मागितला. घरी आलो तर आई अंघोळीला गेली होती. दार लोटलेलं, कडी नाही. मी स्टुलावर बसलो, वर्तमानपत्र उघडलं आणि खाकरलो.

तिने आतून विचारलं की कुठे गेला होतात. मी खरं ते सांगितलं. भावही सांगितला. ती म्हणाली की मग बसलात काय, आज शेवटचा दिवस आहे, बिल घ्या आणि जा. मी म्हटलं, खोकी शुक्रवारीच रद्दीत गेली, आता काही परत मिळायचं नाही. तिने आत दोन तांबे पाणी ओतून घेतलं. मी खाकरायचंही विसरलो. मग तिने दांड्यावर हातातल्या बांगडीने दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, बरं झालं.

जावईबापूंना आशीर्वाद. आमच्यावरचा लोभ आहे तसा असू द्यावा. दुसरीकडे जास्त मिळत असेल तर चौदा दिवसांत कळव, जुळवून देईन.

तुझा,
बाबा