गळलेली ओळ

दि. ९ जानेवारी

ती. बाबांना, शि. सा. न.

पार्सल पोचलं. तुमची गाठ सुटेना, शेवटी दातांनी तोडली. आत तुमचं ते फ्रेंच पुस्तक, चारशे बारा पानांचं, आणि सोबत तुमचं साडेतीन ओळींचं पत्र. म्हणे, बावीस वर्षांपूर्वी हे पुस्तक छापखान्यात मी जुळवलं, छापताना त्यातली एक ओळ गळली, कुठली ते माहीत नाही, तू तिकडे आहेस तर शोध. बाबा, हे पीठ आणायला सांगावं तसं सांगितलंत. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला मराठीत अर्ज लिहायला घाम फुटतो!

तरी गेल्या रविवारी इथल्या वाचनालयात गेलो. तेच पुस्तक त्यांच्याकडे आहे, मूळ परदेशी छापाचं, घरी देत नाहीत. तिथेच बसून वाचायचं, ओरडायचं नाही, खायचं नाही. तिथल्या बाईंनी माझे हात बघितले आणि आधी धुऊन यायला सांगितलं. हात स्वच्छच होते. दिवसभर हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळाखाली सरकवणाऱ्या माणसाचे हात आणखी किती स्वच्छ असणार?

पहिलं पान लावायला मला चार रविवार लागतील असं दिसतंय. कोश शेजारी ठेवून बसतो. या भाषेत शब्दाची शेवटची चारचार अक्षरं लिहायची आणि म्हणायची नाहीत. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पान वाढायचं नाही, त्यातली गत. आणि जेवढं लागलं त्यात नुसता एक जिना! माणूस अजून वर पोचलेला नाही.

हा खटाटोप कशासाठी, तेवढं सांगा. तुम्ही नुसते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचात, एक अक्षर कळायचं नाही, हे तुम्हीच अभिमानाने सांगता. मग आताच ही ओळ का टोचायला लागली?

आईला म्हणावं, पार्सलातले मोजे पायाला झाले. घोटा तेवढा दोन बोटं सैल आहे. राग मानू नका, मानलात तरी पत्र पाठवा.

तुमची
भिंगरी


दि. २८ जानेवारी

चि. भिंगरी यास, अ. आ.

पत्र मिळाले. त्यात एकोणीस चुका आहेत. मोजल्या.

अर्थ लावत बसू नकोस, अर्थ हे तुझे काम नाही. जाड कागदाची पट्टी काप, ओळीखाली धर. डावीकडे ते पुस्तक, उजवीकडे आपले. अक्षराला अक्षर लाव. मी चौतीस वर्षे असेच काम केले आणि माझे काही अडले नाही. दोन्हीकडे ओळीची लांबी सारखी नसेल, तेव्हा ओळ धरू नकोस, शब्द धर.

फोन करू नकोस. मशीनच्या आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत, आणि तू काय बोललास ते आई मला आपल्या मनाने सांगते. कशासाठी ते विचारू नकोस. एकदा तरी हाती घेतलेले काम पुरे कर. चार वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्यास, हे पुस्तक सोडू नकोस.

प्रकृतीस जप. आमचे आशीर्वाद न मागताही आहेत.

तुझा
बाबा


दि. २ मार्च

ती. बाबांना, शि. सा. न.

तुमची पट्टी गेली खड्ड्यात. अक्षराला अक्षर लावायला गेलो की दहाव्या ओळीला डोळा लागतो. एकदा तर वाचनालयाच्या टेबलावर घोरलो, बाईंनी खुर्ची हलवून उठवलं. जागा झालो तर बोट एकशे चारव्या पानावर आणि पट्टी ऐंशीव्या. मधलं तपासलं की नाही, देव जाणे. अर्थ कळल्याशिवाय मला जागं राहता येत नाही, बाबा. तुम्हाला कसं जमायचं?

म्हणून दुसरी युक्ती केली. आमच्याकडे फाटक्या चादरींना रफू करणारी एक म्हातारी आहे, सगळे तिला रफूआजी म्हणतात. ती लहानपणापासून फ्रेंच बोलते, पण वाचता येत नाही, शाळेत गेलीच नाही. मला वाचता येतं, कळत नाही. आंधळ्याने लंगड्याला खांद्यावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत आपलं पुस्तक मी मोठ्याने वाचतो, ती सुई चालवत ऐकते आणि सोप्या शब्दांत सांगते. माझ्या उच्चारांना हसताना दोनदा तिने सुई बोटात खुपसून घेतली. म्हणते, अशी भाषा कुणी बोलत नाही, ही माणसं पुस्तकातच जन्मलेली दिसतात.

गोष्ट अशी की, मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा. मुलगा न सांगता पळून गेलेला. (हसू नका, मीही तसाच आलो.) नवऱ्याचं मृत्युपत्र ऐकायला ती वकिलाच्या खोलीत जाते. वकील अकरा पानं वाचतो आणि शेवटी तिला कळतं की राहतं घरसुद्धा नवऱ्याने भावाला देऊन टाकलंय. ती उठते आणि निघून जाते. इथे रफूआजी माझ्यावर उखडली. म्हणे, मध्ये काहीतरी खाल्लंस, बाई उभीच होती ती परत कशी उठेल? मी म्हटलं, असेल बाई, या पुस्तकातले एका घोडागाडीला अकरा नावं देणारे लोक, उभ्याउभ्या उठतही असतील.

आता माझं ऐका. बंदरावर मालाच्या बोटीवर जागा निघाली आहे. मला जायचंय. दीड वर्षं एका रुळासमोर उभा आहे, पायांना मुळं फुटतील. पण तुमच्या ओळीपायी खुंट्याला बांधल्यासारखा झालोय. कारण सांगा, नाहीतर पुस्तक परत पाठवतो. या वेळी गाठ मी मारीन.

लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची
भिंगरी


दि. २४ मार्च

चि. भिंगरी यास, अ. आ.

लिहितो. आईला दाखवलेले नाही.

तुला लालकाका आठवतात का? छापखान्यात प्रूफे तपासायचे. खिशाला लाल पेन म्हणून लालकाका. फ्रेंच पुस्तके हाती आली तेव्हा ते स्वतःहून ती भाषा शिकले. न कळता तपासणे त्यांना पाप वाटायचे. तुला टेबलावर उभा करून तुझ्या शर्टाची बटणे मोजायचे.

पुस्तक बाजारात गेल्यावर कुण्या प्राध्यापकाचे पत्र आले की यात एक ओळ गळली आहे, लाज वाटत नाही का. मालकांनी ते पत्र फाडून सर्वांसमोर लालकाकांच्या अंगावर फेकले. कुठली ओळ तेही सांगितले नाही. लालकाका म्हणत राहिले की मी वाचले तेव्हा काही गळले नव्हते. शेवटी म्हणाले, माझेच डोळे चुकले असतील, आणि पेन टेबलावर ठेवून गेले.

त्यांचे डोळे चुकले नव्हते. प्रूफ बरोबर होते. छपाईसाठी पानांचा फर्मा बांधताना एक पान ओळीने वाढत होते, म्हणून शेवटची ओळ उचलून मी गॅलीवर, खिळ्यांच्या तबकात, बाजूला ठेवली, पुढच्या पानाच्या डोक्यावर चढवायला. चढवायची राहिली. छपाई झाल्यावर ती तिथेच पडलेली दिसली. मी तिचे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकले. कुणी पाहिले नाही. त्या दिवशी मालकांसमोर मी चार हातांवर उभा होतो. बोललो नाही. आई तेव्हा आजारी होती, तू लहान होतास. ही कारणे आहेत, उत्तर नव्हे.

लालकाका आता किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानात बसतात. वर्तमानपत्रसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतात. आपल्या डोळ्यांवर आपला भरवसा नाही म्हणतात. रस्त्यात भेटले की मलाच विचारतात, तुझे कान कसे आहेत.

तुझा
बाबा


दि. १५ एप्रिल

ती. बाबांना, नमस्कार.

आधी राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पान ओळीने वाढत होतं! अहो, हे जानेवारीत लिहिलं असतंत तर मी प्रत्येक पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ, एवढंच बघितलं असतं. दोन रविवारांचं काम. तुम्ही गुन्हा लपवलात आणि त्याच्याबरोबर पत्ताही लपवलात. मी मात्र जिने चढतोय, गाड्या मोजतोय, वाचनालयात घोरतोय.

आता दुसरा राग. मी आईला विचारायचो लालकाका का येत नाहीत, ती म्हणायची त्यांचं काम बदललं. तुम्ही समोर बसून भाकरी मोडायचात. मला एकही नोकरी टिकवता येत नाही म्हणून तुम्ही मला आयुष्यभर धरसोड्या म्हणालात. तुम्ही तर एकच गोष्ट बावीस वर्षं घट्ट धरून ठेवलीत, आणि ती सोडायची होती.

ओळ सापडली आहे. तुमचं पत्र आलं, त्यानंतरच्याच रविवारी. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी या पानांच्या मध्ये. रफूआजीने तर कधीच पकडली होती, मीच तिला गप्प केलं. पण ओळ मी पाठवणार नाही. तुम्हाला ओळ नको आहे, कबूल करायला तोंड हवं आहे. ते माझ्याकडे मिळत नाही. आधी लालकाकांकडे जा, चूक माझी होती म्हणा, मग ओळ मागा. बोट या महिन्यात सुटते, मी चढणार आहे.

भिंगरी


दि. ६ मे

चि. भिंगरी यास, अ. आ.

तीन वेळा गेलो. एकदा दुकानापर्यंत, दोनदा त्यांच्या खोलीच्या जिन्यापर्यंत. तिसऱ्या वेळी त्यांनी वरून पाहिले, मी किल्ली करायला आलो असे म्हणालो. आता घरात कपाटाच्या दोन किल्ल्या झाल्या आहेत.

जुळाऱ्याला समोर मजकूर लागतो. त्याशिवाय माझा हात चालत नाही आणि पायही. मनातून जुळवायची मला सवय नाही. तू म्हणतोस ते बरोबर आहे, तरी पाठव.

तुझा
बाबा


दि. २५ मे

ती. बाबांना, शि. सा. न.

बोट गेली. मी धक्क्यावरून बघितली. याबद्दल काही लिहू नका, मीही लिहीत नाही.

सातवीत शाळा सोडली तेव्हा मी घरी चार महिने सांगितलं नव्हतं. रोज दप्तर घेऊन निघायचो आणि सायकलच्या दुकानात बसायचो. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मारलंत, पण संध्याकाळी दार ढकलताना ते किती जड लागायचं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. म्हणून जिन्यापर्यंत जाऊन परत येणं मला कळतं. पाठवतो.

सोबत विधवा वकिलाच्या खोलीत शिरते तिथपासूनची सहा पानं आहेत, वाचनालयातल्या छापावरून उतरवलेली. दोन रविवार आणि एक पेन संपलं. गळलेल्या ओळीखाली रेघ मारली आहे. ओळ अशी आहे: वकिलाने खुर्ची पुढे ओढली, आणि मनात नसताना ती बसली.

बस. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी खून, शाप, निदान रडणं तरी असेल. तीन महिने डोकेफोड केली ती एका खुर्चीसाठी! मी वाचनालयात मोठ्याने हसलो आणि बाईंनी बाहेर काढलं. मग पायरीवर बसल्यावर हसू गेलं. तुमच्या पुस्तकात ती विधवा बावीस वर्षं उभी आहे, बाबा. अकरा पानं, घर हातचं जाईपर्यंत. ज्यांनी ज्यांनी तुमची प्रत वाचली, त्यांनी तिला उभंच ठेवलं.

जा आता. किल्ली करू नका.

तुमची
भिंगरी


दि. २० जून

चि. भिंगरी यास, अ. आ.

गेलो.

दार उघडेच होते. आत न बसता उभ्याउभ्या सांगितले. माझे स्वतःचे बोलणे मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललो ते कळले नाही. जिन्यात शेजारी जमले तेव्हा कळले. लालकाकांनी दार लावले नाही. मशीनपाशी ओठ वाचायचो तसे त्यांचे वाचले. ऐकू दे म्हणाले, मलाही तेव्हा सर्वांसमोरच ऐकावे लागले होते.

मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. गुडघे दुखू लागले म्हणून मी खुर्चीकडे हात नेला, तर माझ्या कानाशी येऊन ओरडले की बसू नकोस. तोवर मी त्यांना ओळीतले काही सांगितलेले नव्हते. म्हणाले, काय गळले होते ते आधी वाच.

मी म्हणालो, मला फ्रेंच येत नाही. ते म्हणाले, अक्षरे येतात ना, जुन्या पद्धतीने म्हण. प्रूफ तपासताना एकजण मूळ प्रत अक्षराअक्षराने म्हणतो, दुसरा ताडतो, तशी. तुझी सहा पाने मी उभ्याने म्हटली. एकेक अक्षर, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. ते डोळे मिटून ऐकत होते. तू चुकून उतरवलेस तिथे बोट वर करायचे, काय हवे ते सांगायचे आणि बोट खाली. दोन ठिकाणी चुकला आहेस. एकदाही त्यांनी पुस्तक मागितले नाही, सगळे पाठ होते. शेजारी कंटाळून गेले. आई शोधत आली, ती दारातच उभी राहिली. तिला आता सगळे माहीत आहे. बोलत नाही, पण जेवायला वाढते.

रेघ मारलेली ओळ आली. मी शेवटचे अक्षर म्हटले, पूर्णविराम म्हटले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पायाने खुर्ची माझ्याकडे ढकलली आणि म्हणाले, आता बस.

माफ केले का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी निघताना त्यांनी तुझी पाने मागून घेतली आणि दिव्याशी धरून स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागले. खिसा चाचपत होते. पेन तिथे नव्हते. काल एक लाल पेन नेऊन दिले.

मृत्युपत्राची पुढची अकरा पाने उतरवून पाठव. सावकाश पाठव, पण सुवाच्य. मी म्हणेन, ते ताडतील. तुझ्या या पत्रात सात चुका आहेत, त्या मी नाही, त्यांनी मोजल्या.

पुढची बोट कधी आहे ते कळव. चढायचे तर चढ, फक्त या वेळी निघण्याआधी लिही. तुझ्या पानांची वाट पाहणारे आता आम्ही दोघे आहोत.

तुझा
बाबा