हातावेगळं

आये,

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला बाकावर बसवून ठेवलं होतं. डोळे मिटून ठेवा म्हणाले. शेजारी एक बाई आपल्या सुनेला सांगत होती, की घरी गेल्यावर आधी ते शिवणाचं हातावेगळं करून टाक. किती वर्षांनी हा शब्द कानावर आला. आणि तू दिसलीस, लांज्याच्या घरापुढच्या खळ्यात, रातांब्यांच्या रसाने कोपरापर्यंत लाल हात घेऊन उभी. तू गेलीस तेव्हा माझी लेक पोटात होती. आज मी तुझ्याहून कितीतरी म्हातारी आहे. आईपेक्षा लेक म्हातारी, हे तुला चाललं नसतं. काहीतरी बोलली असतीस.

मला काचबिंदू झालाय. डॉक्टरीण तरुण आहे, पण नीट सांगते. म्हणाली, गेलेली नजर परत येत नाही, औषधाने आहे ती टिकवायची. कडेकडेने अंधारत येतं, पुष्कळ दिवस माणसाला कळतसुद्धा नाही. मी विचारलं, वाचलं तर चालेल का. "वाचा की आजी. वाचून नजर कमी होत नाही," ती म्हणाली. "पण मनात जे करायचं आहे ते आता करून घ्या. मागे टाकू नका." रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत मी तेवढंच घोळवत होते. मनात काय करायचं आहे, हे मला कोणी बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं. मीही नाही.

घरी आले आणि दारातच उभी राहिले. आधी कधी पाहिलं नव्हतं असं घर पाहिलं. खिडकीत क्रोशाचं तोरण लोंबतंय, निम्मं विणलेलं. मशीनवर ब्लाऊज, त्याला बाह्या नाहीत. पडवीत अँथुरियमच्या कलमांच्या पिशव्या, अर्ध्या सुकलेल्या. बचत गटाच्या मसाल्याची रिकामी पाकिटं, वर माझ्या हाताने चिकटवलेली गणपतीची चित्रं. फोनमध्ये इंग्रजी शिकवणारी एक बाई आहे, ती रोज सकाळी विचारते, आज अभ्यास नाही का. मी तिकीट कसं काढायचं त्या धड्यापर्यंत आले आणि थांबले. आणि कपाटाशेजारी यांचा शिकंजा.

यांची तुला आठवण असेलच. स्थळ तूच बघितलंस. वाचनालयात शिपाई आहे म्हटल्यावर म्हणालीस, सरकारी नाही, पण सावलीतली नोकरी आहे. ती सावली मला जन्मभर पुरली. हे वाचनालयातली फाटकी पुस्तकं घरी बांधायला आणायचे. सुट्टीच्या दिवशी सुई-दोरा, खळीचं भांडं, पुठ्ठे असं सगळं मांडून बसायचे. शिवून झालं की पुस्तक दोन जाड फळ्यांमध्ये ठेवायचं आणि वरचा स्क्रू फिरवून आवळायचं, तो शिकंजा. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. खरं वाचायला शिकले ती त्या फाटक्या पुस्तकांवर, बांधायच्या आधी, भात शिजेपर्यंत. कुणाची पहिली पानं नसायची, कुणाची शेवटची. मी विचारायची, पुढे काय झालं असेल हो त्या बाईचं? हे दोरा दातात धरून म्हणायचे, "पानं सापडली की कळवतो." असल्या किती बाया मी अर्ध्या वाटेवर सोडून आले आहे. तरी त्या माझ्याच आहेत असं वाटतं.

हे गेल्याला चार वर्षं होतील. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग सगळे आपापल्या गाडीने गेले आणि मागे दुपारी उरल्या. सकाळ कशीही जाते. संध्याकाळी दिवा, स्वयंपाक. दुपारचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी तोरण घेतलं. तोरण विणताना हात चालतात पण डोकं मोकळं राहतं, आणि मोकळ्या डोक्यात हेच यायचे, म्हणून मशीन घेतलं. मग गट, मग कलमं, मग इंग्रजी. एकात जीव रमतोय असं वाटलं की आतून काहीतरी वर यायला लागायचं. मग ते ठेवायचं आणि नवं धरायचं. लोक म्हणायचे, बाई सावरली, केवढी कामं करते.

शेजारची भाभी तेवढी फसली नाही. तिचं माहेर पूर्णगडचं, नवरा बोटीवर होता तो तिकडेच गेला, दोन्ही मुलगे आखातात. ती माझ्या ओट्यावर मासे साफ करत बसते आणि माझ्या घराकडे बघून हसते. एकदा म्हणाली, "वहिनी, तुज्या घरात पुरी झालेली एक चीज दाखव मला. भात सोडून." मी म्हटलं, आमटी. तर म्हणाली, तीपण परवा अळणी होती.

दवाखान्यात तू आठवलीस ती त्या मळभाच्या वर्षीची. रातांब्यांचे दिवस. तू शेजारणीच्या झाडाचेही उतरवून घेतले होतेस, आणि खळ्यात आमसुलांची तीन वाळवणं वेगवेगळ्या दिवशी सुरू झालेली. सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, वाळली की परत रसात, परत उन्हात. तू त्याला पूट म्हणायचीस. पूट चुकलं की साल कोरडं पडतं, ऊन चुकलं की बुरा चढतो. त्या वर्षी वैशाखातच आभाळ भरून राहिलं. ऊन यायचं ते तासाभराचं, तेही खळ्याच्या एका कोपऱ्यात. आपण दोघी सुपं घेऊन त्या उन्हामागे धावतोय, इकडून तिकडे, एक वाळवण आत आणतोय तर दुसरं बाहेर. मला वाटत होतं आपण फार हुशारीने करतोय.

मग एका सकाळी तू पदर खोचलास, दोन वाळवणं उचललीस आणि सरळ माडाच्या आळ्यात ओतलीस. मिठाचं माडाला चालतं, एवढंच म्हणालीस. मी रडायला लागले. मी हाताने फोडली होती ती फळं, नखं दुखेपर्यंत. तू राहिलेलं एक वाळवण उन्हाच्या कोपऱ्यात सारलंस आणि त्याच्यापाशी उकिडवी बसलीस. म्हणालीस, "सगली जगवायला गेलं तर सगली मरतील, बाय." आणि हात झटकून, "चला. ती दोन हातावेगली झाली."

मी रडता रडता तुला सुधारलं होतं. म्हटलं, हातावेगळं म्हणजे पुरं करणं, टाकणं नाही. आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हातातनं सुटलं का नाय? मग झालं." मला वाटलं, आये अडाणी आहे, शब्द चुकीचा वापरते. तो शब्द मला त्या दिवशी बाकावर, मिटल्या डोळ्यांनी कळला.

मग मी सुरुवात केली. तोरण भाभीला दिलं. ती म्हणाली, "हे कुणाच्या दाराला लावू, मांजराच्या?" पण घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या पाण्याच्या कळशीवर झाकण म्हणून दिसलं. मशीन गटातल्या एका मुलीला दिलं, बाह्या तीच लावील. पाकिटं परत केली. कलमं जी जगली ती कुंपणाला लावली, मेलेली टाकली. लेकीला फोन करून म्हटलं, त्या इंग्रजी बाईला बंद कर. लेक मग म्हणाली, "आई, तू आवरायला लागलीस की मला भीती वाटते." मी म्हटलं, मरायला नाही आवरत, वाचायला आवरतेय. ती हसली, पण रात्री जावयाचाही फोन आला, सहज म्हणून.

शिकंजा राहिला होता. हे गेले त्या आठवड्यात बांधायला आणलेली पुस्तकं खाली गठ्ठ्यात, आणि एक शिकंज्यात आवळलेलं. मी वाचनालयात निरोप पाठवला होता, की राहिलेली मी बांधून देईन. यांचं बघून बघून येतं मला. चार वर्षं ते डोक्यावर होतं. तोरण विणतानाही मला वाटायचं, आधी यांची पुस्तकं. आणि त्या स्क्रूला हात लावायचा नव्हता, कारण तो यांनी आवळलेला होता. यांच्या हाताचा जोर या घरात आता तेवढाच शिल्लक होता.

खाऱ्या हवेने स्क्रू गंजला होता. भाभीने खोबरेल सोडलं आणि आम्ही दोघींनी फडकं गुंडाळून तो फिरवला. सुटताना तो एकदाच करकरला. भाभी हात पुसत बाहेर जाऊन बसली.

मी ती सगळी पुस्तकं तशीच, न बांधता, पिशवीत घालून वाचनालयात नेली. म्हटलं, माफ करा, माझ्याने आता होणार नाही, डोळे असे आहेत. यांच्या जागी आता एक नवीन माणूस आहे, भला आहे. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, संगणकात पाहिलं. म्हणाला, "आजी, ही तर आम्ही यादीतून केव्हाच कमी केलीत. फाटकी आता बांधत नाही कोणी. तुमच्याकडे आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं." माझा निरोप कधी पोचलाच नव्हता. चार वर्षं मी जे ओझं वाहिलं, त्याची कोणी वाटच बघत नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या खेपेला कोणी भेटायलाही येणार नव्हतं.

गठ्ठा तिथेच ठेवला. शिकंज्यातलं एक परत आणलं. त्याला पुठ्ठा नाही, नाव नाही, पण पानं सगळी आहेत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, यांनी शिवलेली. आता दुपारी मी खिडकीशी बसते आणि तेच वाचते. मध्ये दुसरं काही नाही. तू म्हणशील, मग बरं झालं, लक्ष लागलं. लागलं, आये. पण एका जागी लक्ष लागलं की ज्याच्यापासून पळत होते तेच समोर येऊन बसतं. ओळी वाचते आणि शिवणीतला दोरा दिसतो. कधी एक पान होतं, कधी तेवढंही नाही. रडू येतं तेव्हा पुस्तक बाजूला धरते, पानं भिजू नयेत म्हणून. पण उठत नाही. हे नवीन आहे.

शेवटची थोडी पानं राहिलीत. यातल्या बाईचं काय झालं ते मला पहिल्यांदाच कळणार आहे, आणि ते सांगायला कोणी नाही. म्हणून तीन दुपारी पुस्तक मिटून तुला हे लिहीत बसले. नजर आहे तोवरच्या वाचायच्या दुपारी अशा घालवल्या. आणि खरं सांगायचं तर, तुला लिहिलं ते तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच. वाचता येणाऱ्या कुणाला यातलं काही मी लिहू शकले नसते.